एका बिटकॉइनचे ५०,०५८ येन

टोकियोच्या दिवाळखोरी प्रकरणात एका बिटकॉइनची, म्हणजे इंटरनेटवरच्या एका आभासी नाण्याची, किंमत एकदा ठरली आणि पुढची चार वर्षं तीच कायम राहिली : ५०,०५८.१२ येन. हा एप्रिल २०१४मधला भाव. माउंट गॉक्स नावाचं, अशी नाणी विकण्या-घेण्याचं एक्स्चेंज बुडालं होतं, न्यायालयाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली होती आणि जगभरातल्या ग्राहकांचं येणं याच भावाने मोजायचं ठरलं होतं. ज्याची दहा बिटकॉइन अडकली होती त्याचं येणं झालं पाच लाख येन. २०१७च्या डिसेंबरमध्ये एकेका बिटकॉइनचा भाव वीस लाख येनांवर गेला. त्या माणसाचं कागदावरचं येणं तेव्हाही दहा नाण्यांचे मिळून पाच लाखच होतं.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं. व्याज कोणत्या तारखेपासून धरायचं यावरून लोक काउंटरवर वाद घालतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. तारखेत पैसा असतो. पण एका तारखेने इतक्या माणसांचं इतकं नुकसान केलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. या प्रकरणात नाणी चोरणाऱ्या चोरांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते चोरी झाल्यानंतर, कायद्याच्या चौकटीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ग्राहकांच्या हातून जे निसटलं त्याबद्दल.

गॉक्सची सुरुवात पाहिली की मन चरकतं. ही वेबसाइट मुळात 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळातली पत्त्यांसारखी कार्डं विकण्या-घेण्यासाठी काढली होती आणि नावातली अक्षरंही तिथूनच आली. जेड मॅकेलेब यांनी २०१०च्या जुलैमध्ये तिचं बिटकॉइनचं एक्स्चेंज केलं आणि २०११च्या मार्चमध्ये ते टोकियोत राहणाऱ्या मार्क कार्पेलेस या फ्रेंच प्रोग्रॅमरला विकलं. २०१३मध्ये जगातल्या बिटकॉइनच्या व्यवहारांपैकी सुमारे ७० टक्के व्यवहार शिबुया भागातल्या या एका कंपनीमार्फत होत होते. इतकी उलाढाल आणि तिच्यामागे एक लहानशी कंपनी. आमच्याकडे शाखेची तिजोरी उघडायला दोन अधिकारी आणि दोन किल्ल्या लागायच्या, रोज संध्याकाळी रोकड मोजून सही व्हायची. तसला एकही नियम या कंपनीवर बंधनकारक नव्हता, कारण ती नेमकी काय आहे हेच जपानच्या कायद्याने तोवर ठरवलं नव्हतं.

७ फेब्रुवारी २०१४ला नाणी बाहेर काढणं बंद झालं. कारण दिलं गेलं ते बिटकॉइनच्या व्यवस्थेतल्या एका तांत्रिक कच्च्या दुव्याचं : व्यवहार पक्का होण्याआधी त्याचा ओळख क्रमांक बदलता येतो, त्याचा फायदा घेऊन कोणी एकच रक्कम पुन्हा मागू शकतं. त्याच आठवड्यांत टोकियोत बर्फ पडत होता आणि लंडनहून विमानाने आलेला एक ग्राहक कंपनीच्या कार्यालयाबाहेर 'आमचे पैसे कुठे आहेत' असं लिहिलेला फलक धरून उभा राहिला. त्याची छायाचित्रं जगभर गेली. २४ तारखेला व्यवहार थांबले आणि वेबसाइट कोरी झाली. २८ तारखेला कंपनी न्यायालयात गेली. साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ होती, त्यांतली साडेसात लाख ग्राहकांची. शिवाय बँक खात्यांत २.८ अब्ज येनांची तूट. पत्रकार परिषदेत कार्पेलेस जपानी पद्धतीने वाकून माफी मागताना दिसले. पुढच्या महिन्यात एका जुन्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल पाकिटात, दोन लाख बिटकॉइन सापडल्याचं कंपनीने जाहीर केलं. हा शेवटचा तपशील मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा थबकते. शंभर-दोनशे रुपयांचा फरक आला तरी आम्ही रात्री नऊपर्यंत वह्या तपासत बसायचो.

नाणी गेली कशी, हे कळायला वर्षं लागली. त्याच शहरात राहणाऱ्या एका स्वीडिश अभियंत्याचीही थोडी नाणी अडकली होती. त्याने साथीदारांना घेऊन बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदी चाळायला घेतल्या आणि चित्र हळूहळू उभं राहिलं. वॉलेटच्या चाव्या, म्हणजे नाणी हलवायला लागणारे गुप्त कोड, २०११मध्येच चोरांच्या हाती लागल्या होत्या. तेव्हापासून नाणी थोडी थोडी बाहेर जात होती आणि २०१३च्या मध्यापर्यंत बहुतेक सगळी गेली होती. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२३मध्ये दोन रशियन नागरिकांवरचे आरोप उघड केले, त्यांत सुमारे ६ लाख ४७ हजार बिटकॉइनचा उल्लेख आहे. म्हणजे बंद पडण्याआधी निदान काही महिने हे एक्स्चेंज आतून पोकळ झालेलं होतं, आणि त्या काळातही प्रत्येक ग्राहकाला आपल्या खात्यात आपली नाणी पूर्ण दिसत होती.

ती दिसत कशी राहिली, हे नीट समजून घ्यायला हवं. बिटकॉइनची मूळ खातेवही सगळ्या जगाला खुली असते. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, ती कुठून आली, कुठे गेली, हे कोणालाही पाहता येतं. पण एक्स्चेंजवर मी विकते आणि तुम्ही घेता तेव्हा त्या खुल्या वहीत काहीही लिहिलं जात नाही. एक्स्चेंजच्या स्वतःच्या संगणकात माझ्या नावापुढचा आकडा कमी होतो, तुमच्या नावापुढचा वाढतो, एवढंच. खरी नाणी एक्स्चेंजच्या वॉलेटमध्ये एकत्र पडलेली असतात आणि त्यांच्या चाव्या एक्स्चेंजकडे असतात. खुल्या वहीत ग्राहकाचं नाव तर नसतंच, त्याच्यासाठी वेगळा काढलेला वाटाही नसतो. वॉलेट रिकामं झालं म्हणून त्या संगणकातला आकडा आपोआप शून्य होत नाही. दोन्हींचा मेळ रोज कोणीतरी घालावा लागतो, आणि तो घातला गेला नाही तर बाहेरच्या माणसाला कळायला काही मार्ग नसतो.

हे सगळं मी वाचायला लागले ते माझ्या भाच्यामुळे. तो चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. पगारातून दरमहा थोडे थोडे बाजूला काढून त्याने परदेशात नोंदलेल्या एका एक्स्चेंजवर नाणी घेतली होती. एका सकाळी कंपनीची मेल आली : सुरक्षेच्या कारणास्तव पैसे व नाणी काढण्याची सोय तात्पुरती थांबवत आहोत, आपल्या सहकार्याबद्दल आभार. तो संध्याकाळी घरी आला, मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आत्या, बघ, सगळं दिसतंय अजून."

"काढता येतंय का?"

"नाही. पण दिसतंय."

त्या रात्री तो जेवला नाही. पुढचे कित्येक दिवस तो दर तासाला ते ॲप उघडून पाहायचा. ऑफिसात, बसमध्ये, रात्री पाणी प्यायला उठला तरी. नंतर कंपनीच्या नव्या मेल येत गेल्या आणि त्यांतली भाषा बदलत गेली. 'आपली नाणी' हे शब्द गेले, 'आपला दावा' आला. मग कोणत्या तरी दूरच्या देशातल्या न्यायालयाचं नाव आलं. मग दाव्याचा अर्ज आला. अर्ज भरायला तो माझ्याकडे बसला तेव्हा त्याने जो प्रश्न विचारला तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

"म्हणजे ते माझं नव्हतंच का?"

आपल्याकडे एक्स्चेंज बुडालं की लगेच ऐकू येतं : हाव सुटली, म्हणून बुडाले. माझ्या भाच्यालाही घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी हे ऐकवलं. मला हे बोलणं सहन होत नाही. नाण्याचा भाव पडून पैसे गेले असते तर तो धोका त्याने जाणून पत्करला होता, आणि तो रडलाही नसता. इथे भाव पडलेला नव्हता. त्याने विकत घेतलेली वस्तू ज्याच्या ताब्यात होती, त्याच्याकडून ती गेली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ केली की ज्याने राखण करायची होती तो प्रश्नांतून सुटतो आणि ज्याचं गेलं तो मान खाली घालून बसतो.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या बँकेतल्या दिवसांमुळे अर्धंच सापडलं. बँकेत तुम्ही दोन गोष्टी ठेवता. मुदत ठेव ठेवता तेव्हा ते पैसे बँकेचे होतात. बँक तुमची देणेकरी, तुम्ही तिचे घेणेकरी. बँक अवसायनात निघाली, म्हणजे बंद करून तिची देणी फेडायला घेतली, तर ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळतात आणि उरलेल्यासाठी इतरांच्या रांगेत उभं राहावं लागतं. लॉकरमध्ये आईच्या बांगड्या ठेवता तेव्हा त्या बांगड्या तुमच्याच राहतात. बँकेवर कितीही कर्ज असो, हे काम पाहणाऱ्या अवसायकाला त्या बांगड्यांना हात लावता येत नाही, आणि त्यांची किंमत कोणत्या दिवसाच्या सोन्याच्या भावाने धरायची हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तुम्हाला परत मिळायच्या असतात त्या बांगड्याच. माझ्या भाच्याची समजूत होती की त्याची नाणी लॉकरमध्ये आहेत. एक्स्चेंज बंद पडल्यावर त्याला सांगण्यात आलं की ती ठेव होती, आणि तिला विमाही नव्हता.

गॉक्सच्या बाबतीत हा प्रश्न टोकियोच्या न्यायालयापुढे सरळ आला होता. एका ग्राहकाने म्हटलं, ही नाणी माझ्या मालकीची आहेत, कंपनीच्या मालमत्तेत ती धरू नका, माझी मला द्या. ऑगस्ट २०१५मध्ये न्यायालयाने नकार दिला. जपानच्या नागरी कायद्यात मालकी हक्क मूर्त वस्तूवर असतो, बिटकॉइन मूर्त नाही, म्हणून त्यावर मालकी हक्क सांगता येत नाही. कायद्याचं वाचन म्हणून यात चूक काढणं अवघड आहे. पण परिणाम पाहा. झोपताना जो मालक होता तो सकाळी घेणेकरी होऊन उठला, आणि त्याच्या येण्यावर एका दिवसाचा भाव कायमचा चिकटला.

पुढे जे झालं ते वाचताना माझा हात थरथरला होता. गॉक्सकडे उरलेल्या दोन लाख नाण्यांचा भाव चढत गेला. मंजूर झालेले सगळे दावे मिळून सुमारे ४६ अब्ज येनांचे होते. न्यायालयाने नेमलेले विश्वस्त नोबुआकी कोबायाशी यांनी २०१७च्या डिसेंबरपासून काही आठवड्यांत थोडी नाणी विकली, तेवढ्यांतच सुमारे ४३ अब्ज येन आले. आणखी दीड लाखांहून जास्त नाणी शिल्लक होती. दिवाळखोरीच्या कायद्यानुसार सगळे दावे त्या जुन्या भावाने शंभर टक्के चुकते झाले असते आणि वर उरलेली प्रचंड रक्कम गेली असती कंपनीच्या भागधारकांकडे. मुख्य भागधारक कोण, तर कार्पेलेस यांचीच दुसरी कंपनी. ज्यांच्या देखरेखीखाली नाणी गेली त्यांच्याकडेच उरलेली नाणी जाणार, आणि ज्यांची होती त्यांना २०१४चा भाव. कार्पेलेस यांनी आपल्याला हे पैसे नको आहेत असं जाहीरपणे सांगितलं होतं, याची नोंद इथे करायला हवी. २०१९मध्ये ते अपहाराच्या आरोपातून सुटले, संगणकातल्या नोंदींत फेरफार केल्याबद्दल त्यांना निलंबित शिक्षा झाली. पण कोणाच्या तरी चांगुलपणावर हजारो लोकांचं येणं टांगून ठेवणारी व्यवस्था, तिला न्याय कसं म्हणायचं?

ग्राहक हातावर हात ठेवून बसले नाहीत. वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांना न पाहिलेले लोक एकत्र आले, जपानी वकील धरले, आणि दिवाळखोरीऐवजी दिवाणी पुनर्वसनाची प्रक्रिया लावा असा अर्ज केला, कारण तिच्यात देणी पैशाऐवजी नाण्यांत चुकवता येतात. २२ जून २०१८ला न्यायालयाने ते मान्य केलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यांत मोलाचा दिवस आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्यानंतरही योजना पक्की व्हायला २०२१चा नोव्हेंबर उजाडला, आणि पहिली नाणी ग्राहकांच्या हातात पडली ती जुलै २०२४मध्ये. दहा वर्षांनी. तोवर सुमारे १ लाख ४२ हजार बिटकॉइन उरली होती. जे मिळालं ते मूळ नाण्यांचा लहानसा वाटा होता, पण भाव इतका चढला होता की डॉलरमध्ये मोजलं तर अनेकांना बुडाल्याच्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त मिळाले. यावरून 'नशीबवान निघाले' असं म्हणणारेही भेटतात. त्या दहा वर्षांत ज्यांना आजारपणासाठी, घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी ते पैसे हवे होते त्यांना विचारावं. काहींनी वाट पाहून थकून आपले दावे गुंतवणूकदार कंपन्यांना थोड्या किमतीत विकून टाकले होते.

एफटीएक्सची गोष्ट लोकांना जास्त माहीत आहे, म्हणून तिच्यातल्या एकाच मुद्द्यापाशी थांबते. ते एक्स्चेंज ११ नोव्हेंबर २०२२ला अमेरिकेत दिवाळखोरीत गेलं. ग्राहकांचे सुमारे आठ अब्ज डॉलर मालकाच्याच दुसऱ्या कंपनीत, अलामेडात, वळवलेले होते. हे मालक, सॅम बँकमन-फ्रीड, यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. या एक्स्चेंजच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की नाण्यांची मालकी नेहमी ग्राहकाकडेच राहील. तरीही सगळ्यांचं येणं मोजलं गेलं त्या नोव्हेंबरमधल्या भावाने, एका बिटकॉइनचे सुमारे १६,८७१ डॉलर. त्याआधीच्या कित्येक महिन्यांतला तो जवळजवळ नीचांकी भाव होता, आणि तो पडण्यात या एक्स्चेंजच्या कोसळण्याचाही हात होता. बहुतेक ग्राहकांना त्या हिशेबाने शंभर टक्क्यांहून जास्त परत मिळणार अशा बातम्या झळकल्या. २०२५च्या फेब्रुवारीत वाटप सुरू झालं तेव्हा एक बिटकॉइन लाखभर डॉलरच्या आसपास होतं. ज्याचं एक नाणं होतं त्याला अंदाजे वीस हजार डॉलर मिळाले आणि जगाला सांगितलं गेलं की त्याचे पैसे व्याजासकट फिटले. शिक्षा सुनावताना न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी 'ग्राहकांचे पैसे परत मिळणार आहेत' हा बचाव मानला नाही. चोरीचा पैसा जुगारात लावून जिंकला म्हणून चोराला शिक्षेत सूट मिळत नाही, अशा आशयाचं ते बोलले. हे कोणीतरी न्यायासनावरून बोललं याचं मला फार बरं वाटलं.

आणि याच एफटीएक्सची जपानमधली शाखा! तिथल्या ग्राहकांना २१ फेब्रुवारी २०२३पासून आपली नाणी आणि येन परत काढता येऊ लागले. मूळ कंपनी बुडाल्याला जेमतेम शंभर दिवस झाले होते. जगभरचे बाकीचे ग्राहक अर्ज भरत होते तेव्हा हे लोक आपलं आपण घेऊन मोकळे झाले. हे आपोआप घडलेलं नाही. गॉक्सच्या धक्क्यानंतर जपानने कायदा बदलला आणि एप्रिल २०१७पासून एक्स्चेंजला सरकारकडे नोंदणी आणि ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवणं सक्तीचं केलं. २०१८च्या जानेवारीत कॉइनचेक या दुसऱ्या जपानी एक्स्चेंजमधून सुमारे ५८ अब्ज येनांची नाणी चोरीला गेली, तेव्हा नियम आणखी आवळले. मे २०२०पासून ग्राहकांची बहुतांश, निदान ९५ टक्के, नाणी इंटरनेटला न जोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवायची, उरलेल्यांच्या बदल्यात कंपनीने स्वतःची तेवढीच नाणी राखून ठेवायची, आणि कंपनी बुडालीच तर ग्राहकाचा हक्क इतर घेणेकऱ्यांच्या आधी. टोकियोच्या न्यायालयाला २०१५मध्ये जे करता आलं नाही ते संसदेने करून दाखवलं.

न्यूझीलंडमध्ये तर नवा कायदाही करावा लागला नाही. तिथलं क्रिप्टोपिया हे एक्स्चेंज जानेवारी २०१९मध्ये लुटलं गेलं आणि मेमध्ये अवसायनात निघालं. उरलेली नाणी ग्राहकांची की कंपनीच्या घेणेकऱ्यांची, असा वाद उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२०मध्ये न्यायमूर्ती गेंडॉल यांनी निकाल दिला : ही नाणी मालमत्ता आहेत, कंपनी ती ग्राहकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळत होती, आणि प्रत्येक प्रकारच्या नाण्याचा न्यास वेगळा. म्हणजे ज्यांची एका प्रकारची नाणी चोरीला गेली त्यांचा तोटा दुसऱ्या प्रकारच्या नाण्यांच्या मालकांवर टाकायचा नाही. भाच्याला हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे तर सरळ आहे, आत्या." सरळ आहे खरं. पण त्याच्या अर्जावर जे न्यायालय होतं ते न्यूझीलंडचं नव्हतं.

आता आपल्याकडे. १८ जुलै २०२४ला वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. एकापेक्षा जास्त सह्या लागणारं ते वॉलेट होतं. सही करणाऱ्यांना समोर दिसत होतं एक आणि प्रत्यक्षात त्यांनी मंजूर केलं दुसरंच. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी २०२५च्या जानेवारीत संयुक्त निवेदन काढून ही चोरी उत्तर कोरियाच्या माथी मारली. एक्स्चेंज मुंबईतलं, ग्राहक गावोगावचे, पण नाण्यांचा प्रश्न गेला सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण वझीरएक्सची तिथली मूळ कंपनी झेट्टाई पुढे आली. राहिलेल्या मालमत्तेतून सगळ्या ग्राहकांनी मिळून तोटा वाटून घ्यायचा, अशी योजना मांडली गेली. ज्याची नाणी चोरीला गेलीच नव्हती त्याच्याही खात्यातून चोरीची भरपाई. घेणेकऱ्यांचं मतदान झालं, जून २०२५मध्ये न्यायालयाने योजना नाकारली, बदल करून पुन्हा मतदान झालं, ऑक्टोबरात मंजुरी मिळाली आणि महिनाअखेर व्यवहार सुरू झाले. सव्वा वर्ष गेलं. गॉक्सच्या दहा वर्षांपुढे हे थोडं वाटेल, पण साताऱ्याच्या किंवा लातूरच्या एखाद्या मुलाने सिंगापूरच्या न्यायालयाची इंग्रजी कागदपत्रं वाचून, परदेशी योजनेवर 'होय' की 'नाही' हे एकट्याने ठरवायचं, ही काही लहान गोष्ट नाही.

याच प्रकरणात, त्याच ऑक्टोबरच्या २५ तारखेला, मद्रास उच्च न्यायालयाचा एक आदेश आला. चेन्नईच्या एका ग्राहक महिलेने चोरीच्या आधी, जानेवारी २०२४मध्ये, १,९८,५१६ रुपयांची एक्सआरपी नाणी घेतली होती. चोरीला गेलेली नाणी वेगळ्या प्रकारची होती. माझी नाणी तर गेलेलीच नाहीत, मग माझा वाटा का कापता, असं तिचं म्हणणं. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी म्हटलं की क्रिप्टो ही मूर्त वस्तू नाही, चलनही नाही, पण ती मालमत्ता आहे. तिचा उपभोग घेता येतो, ताबा असू शकतो, ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते. व्यवहार भारतातून झाला म्हणून भारतातल्या न्यायालयाला त्यात लक्ष घालता येतं, हेही त्यांनी सांगितलं, आणि तिला संरक्षण दिलं. दोन लाखांसाठी एक बाई उच्च न्यायालयात गेली आणि माझ्या भाच्याच्या प्रश्नाला आपल्याच देशात 'होय, तुझंच होतं' असं उत्तर मिळायची वाट उघडली. तो आदेश मी दोनदा वाचला, आणि त्या अनोळखी बाईबद्दल मला मनापासून आदर वाटला.

चाव्या स्वतःकडे ठेवा, एक्स्चेंजवर काही ठेवूच नका, असा सल्ला या क्षेत्रातले जुने लोक देतात. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. पण चावीऐवजी मिळणारी बारा-चोवीस शब्दांची यादी आयुष्यभर जपायची, ती हरवली तर कुठेही दाद नाही, आणि मागे घरच्यांना ती सापडायला हवी, हे सगळ्यांना पेलणारं नाही. माझ्या नोकरीत लॉकरची किल्ली हरवून आलेली माणसं मी कितीतरी पाहिली. त्यांच्यासाठी कुलूप फोडायची एक रीत होती, दोन साक्षीदारांसमोर. माणसं विसरतात, आजारी पडतात, मरतात. म्हणून तर सांभाळणाऱ्या संस्था लागतात, आणि त्यांच्यासाठी कायदा लागतो.

आणि या बाबतीत आपला कायदा अजून एकाच बाजूने बोलतो. २०१८च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आमच्या शाखेतही आलं होतं : या चलनांचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नका. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २०२२पासून या नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्याच वर्षीच्या जुलैपासून विक्रीवर १ टक्का कपात आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३पासून एक्स्चेंजना काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखाली आणलं. म्हणजे सरकारला नाणी कोणाकडे आहेत हे कळतं, विकली की कर कापला जातो. कर लावताना ती माझ्या भाच्याची असतात. एक्स्चेंज बुडाल्यावर ती कोणाची, हे सांगणारं कलम मात्र नाही.

मद्रासचा आदेश अंतरिम आहे, दोन पक्षांपुरता आहे. उद्या दुसरं उच्च न्यायालय वेगळं वाचन करू शकतं. म्हणून हे संसदेने लिहायला हवं. ग्राहकांची नाणी एक्स्चेंजने आपल्या मालमत्तेपासून वेगळी ठेवावी आणि त्यांचा मेळ बाहेरच्या लेखापरीक्षकाने ठरावीक काळाने तपासावा. एक्स्चेंज बुडालं तर ती नाणी अवसायकाच्या ताब्यातल्या मालमत्तेत धरू नयेत. परतफेड नाण्यांत मोजावी, कोणत्या एका दिवसाच्या भावाने मोजू नये. माझ्या भाच्याच्या अर्जात दाव्याची रक्कम डॉलरमध्ये विचारली होती. नाण्यांसाठी रकानाच नव्हता, तरी मी त्याला खालच्या मोकळ्या जागेत नाण्यांची नावं आणि संख्या लिहायला लावली. आमच्या खासदारांना मी पत्र पाठवलं आहे. त्यात वरच्या तीन मागण्या आहेत आणि सोबत मद्रासच्या आदेशाची प्रत जोडली आहे.